वळणात लिहिलेला वेग

परवा माझी भाची चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत ती रस्त्यांची आखणी करते. नोकरी पुण्याची, पण रस्ते सगळे इंग्लंडातले. तिथल्या कुठल्याशा गावाबाहेरचा चौक, त्यात बसवायचे वाहतूक बेट, त्याच्या कडा, उतार, पांढरे पट्टे हे सारे ही मुलगी संगणकावर काढते आणि संध्याकाळी ते काम तिकडे रवाना होते. तो चौक तिने डोळ्यांनी कधी पाहिलेला नसतो. आमच्या काळी जागेवर जाऊन टेप धरल्याशिवाय ड्रॉइंग बोर्डाला हात लावायचा नाही असा दंडक होता. त्यामुळे तिच्या कामाकडे मी आजवर जरा संशयानेच पाहत आलो. या खेपेस मात्र तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि साडेतीन दशकांपूर्वीच्या माझ्याच एका कामाचा हिशेब मला तिथे द्यावा लागला. तो हिशेब आज वाचकांपुढे मांडतो आहे. तो माझ्या एकट्याचा असता तर घरातच ठेवला असता. पण तसा एखादा चौक आपल्यापैकी बहुतेकांच्या गावात आहे.

मी स्थापत्य अभियंता. निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली. १९८९ साली दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी चार रस्ते मिळतात तिथे वाहतूक बेट बांधायचे ठरले. एक रस्ता एसटी स्टँडकडून येणारा, एक बाजारपेठेचा, एक साखर कारखान्याकडे जाणारा आणि एक जिल्ह्याच्या गावाकडे. आराखडा माझ्याकडे आला. ट्रेसिंग पेपरवर कंपासने मारलेले ते वर्तुळ मला आजही आठवते. पहिल्या आराखड्यात बेटाचा व्यास ३० मीटर होता आणि चौकात शिरणारा प्रत्येक रस्ता ७ मीटर रुंद. बैठकीत सगळ्यांनी एकच आग्रह धरला, चौक 'मोकळा' पाहिजे. ऊस हंगामात ट्रॅक्टर अडकता कामा नयेत, एसटीला वळसा घालताना त्रास होता कामा नये. मी बेट कापून २० मीटरवर आणले आणि येणारे रस्ते साडेदहा मीटरपर्यंत रुंद केले. अमोनिया प्रिंट निघाल्या, बेट झाले, मध्ये कारंजे आले. कारंजे उद्घाटनाच्या दिवशी उडाले, पुढे त्याचे काय झाले ते कुठल्याही गावच्या नागरिकाला सांगायची गरज नाही. पण चौक देखणा दिसत होता, वाहने अडत नव्हती आणि मी खूश होतो.

१९९३ च्या हिवाळ्यात पहाटे साडेपाचच्या सुमारास त्या चौकात एका जीपने एका बाईंना उडवले. भाजीच्या लिलावाला निघाल्या होत्या त्या. जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले आणि पुढची सारी वर्षे काठी टेकत गेली. त्यांची भाजीची पाटी आमच्या कार्यालयाच्या वाटेवरच असायची. पुन्हा बसू लागल्यावर एकदा मी मेथी घेत होतो, तेव्हा त्यांनी विचारले, "सायेब, तिथं वळान हाय. बेटाला वळसा घालायचा तर गाडी हळू व्हाया पायजे हुती न्हवं? मग का झाली न्हाई?" मी म्हणालो, "मावशी, ड्रायव्हर बेफाम होता." ड्रायव्हरवर खटला झालाच होता. मला माझे उत्तर तेव्हा पुरेसे वाटले. चौकात 'वाहने सावकाश चालवा' अशी पाटी लागली. वर्षभराने चारही बाजूंना गतिरोधक आले. त्यावर दुचाकीवाल्यांच्या पाठी मोडू लागल्या म्हणून दोन काढले, मग लोकांनी ओरड केल्यावर पुन्हा घातले. आपल्याकडची नेहमीची गोष्ट.

आता त्या लॅपटॉपकडे येतो.

भाचीने पडद्यावर एक चौक उघडला. मध्ये बेट, भोवती फिरता रस्ता, चार बाजूंनी येणारे रस्ते. मग तिने एका रस्त्यावरून चौकात शिरून समोरच्या रस्त्याने बाहेर पडणारी एक रेघ काढली. मला वाटले, वाहनाने जावे अशी ती आदर्श वाट असेल. ती म्हणाली, "नाही मामा, ही आदर्श वाट नाही. ही सगळ्यांत वाईट माणसाची वाट आहे."

मग तिने जे समजावले ते मला फार महत्त्वाचे वाटले. समजा, रात्रीचे दोन वाजले आहेत. चौकात चिटपाखरू नाही. एक माणूस गाडी घेऊन येतो आणि त्याला वेग कमी करायचा नाही. रंगवलेल्या पट्ट्यांची तो पर्वा करत नाही. रस्त्याची सगळी रुंदी वापरून तो वळण जितके सरळ करता येईल तितके सरळ करतो. आधी कडेकडेने येतो, मग बेटाला जवळजवळ घासून जातो आणि पुन्हा कडेने निसटतो. ही त्याची वाट. तांत्रिक भाषेत तिला सर्वांत वेगवान वाट म्हणतात. इंग्लंडच्या नियमांप्रमाणे गाडी दोन मीटर रुंद धरायची, तिच्या मध्यातून जाणारी रेघ कडेपासून एक मीटरपेक्षा जवळ आणायची नाही, आणि चौकाच्या तोंडाशी असलेल्या थांबरेषेच्या ५० मीटर अलीकडून सुरुवात करायची. चौकात शिरताना या रेघेची वक्रता जिथे सर्वांत जास्त असेल तिथली त्रिज्या मोजायची. ती १०० मीटरपेक्षा जास्त भरता कामा नये. शहरातल्या लहान, आटोपशीर बेटांसाठी तर ७० मीटर हीच मर्यादा. जास्त भरली की आराखडा नापास.

त्रिज्येवर एवढा कटाक्ष का? शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्रात त्याचे उत्तर आहे. वळणावर गाडीला बाहेर फेकू पाहणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि टायर व रस्ता यांच्यातले घर्षण तिला धरून ठेवते. माणूस नकळत तेवढाच वेग ठेवतो, जेवढ्यात त्याला सीटवर बसल्या जागी कलंडल्यासारखे वाटत नाही. म्हणून त्रिज्या कळली की वेग सांगता येतो. अमेरिकेतल्या मार्गदर्शिकांत यासाठी सोपे सूत्र दिलेले आहे. त्या सूत्राने वाटेची त्रिज्या ३० मीटर असेल तर वेग ताशी ३२-३३ किलोमीटर येतो, ५० मीटर असेल तर सुमारे ४० आणि १०० मीटर असेल तर सुमारे ५२. एकेरी रांगेच्या चौकात शिरण्याचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत राहावा, असा तिथला सर्वसाधारण संकेत आहे.

म्हणजे वेगमर्यादा पाटीवर लिहायच्या आधी ती वळणात लिहायची असते. पाटी वाचायची की नाही हे चालकाच्या हाती असते. वळणाचे तसे नाही.

मी तिला म्हणालो, "माझा चौक घाल बरं यात." मापे मला तोंडपाठ होती. बेटाचा व्यास २० मीटर, भोवतीचा रस्ता १२ मीटर, येणारे रस्ते साडेदहा मीटर, कडेच्या दगडांची त्रिज्या २५ मीटर. शेवटचा आकडा सांगताना माझा स्वर जरा ताठ होता, कारण तो पुस्तकातला होता. इंडियन रोड्स काँग्रेसने १९७६ साली वाहतूक बेटांसाठी काढलेल्या संहितेत शहरी भागासाठी ताशी ३० किलोमीटर वेग गृहीत धरून शिरण्याच्या वळणाची त्रिज्या १५ ते २५ मीटर सांगितली होती. मी २५ धरली होती. मला दोष देता येणार नव्हता.

तिने आकडे भरले, रेघ काढली आणि थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, १३०."

कडेच्या दगडांची त्रिज्या २५ मीटर होती, पण गाडीच्या वाटेची १३० मीटर. माझी चूक तिथे होती आणि ती एका वाक्यात सांगता येते. मी काठ मोजला, वाट मोजली नाही. रस्ता साडेदहा मीटर रुंद आणि बेट लहान असल्यामुळे चालकाला काठाच्या वळणाशी कर्तव्यच नव्हते. डावीकडून येऊन बेटाच्या कडेने तो जवळजवळ सरळ रेषेत निघून जाऊ शकत होता. १३० मीटर त्रिज्येवर वेग येतो ताशी ५७ किलोमीटर. ज्या चौकात ३० चा वेग धरला होता, तिथे रिकाम्या रस्त्यावर, गाडी जराही न कलंडता, ५७. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे माझ्या कागदावरच्या गाडीच्या साडेतीनपट ऊर्जा घेऊन खरी गाडी त्या चौकातून जात होती.

मला मेथीची ती पाटी आठवली. गाडी हळू का झाली नाही, या प्रश्नाचे खरे उत्तर ३०-३२ वर्षांनी मिळत होते. मावशी, तिला हळू व्हायची गरजच नव्हती. वळण दिसत होते, पण ते मी काढून टाकले होते. ड्रायव्हर बेफाम होता हे खरेच, पण त्याच्या बेफामपणासाठी रस्ता मी करून ठेवला होता. हे ऐकायला त्या आता हयात नाहीत.

यावर कोणी म्हणेल, अशी जुनी प्रकरणे उकरून काय साधणार? त्या काळचे ज्ञान तेवढेच होते. हे अर्धेच खरे आहे. त्या काळी आम्हाला वर्तुळाचे जे शास्त्र शिकवले जाई ते १९५७ च्या सुमाराच्या एका ब्रिटिश सूत्रावर, वॉर्ड्रॉपच्या सूत्रावर, उभे होते. वाहने एकमेकांच्या रांगांत मिसळत, वेणी घातल्यासारखी, फिरत राहतात अशी त्यात कल्पना होती. मिसळायला लांबी हवी, म्हणून वर्तुळ ऐसपैस हवे. पण ऐसपैस वर्तुळात कोणी कोणाला आधी जाऊ द्यायचे हे ठरलेले नसले की गर्दीच्या वेळी सगळेच आत शिरतात आणि चौक गच्च होतो. ब्रिटनने त्यावर नोव्हेंबर १९६६ मध्ये एक साधा नियम केला. वर्तुळात आधीच असलेल्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे, बाहेरच्याने थांबायचे. नियम एका ओळीचा, पण त्याने सगळे गणित बदलले. मिसळायला लांबी लागेनाशी झाली, दोन गाड्यांमधली फट पाहून शिरणे एवढेच उरले. मग मोठ्या वर्तुळाचे कारणही उरले नाही. तिथल्या रस्ते संशोधन संस्थेतले फ्रँक ब्लॅकमोर यांनी लहान, अगदी रंगाने काढलेल्या टिकलीएवढ्या वर्तुळांपर्यंत मजल मारली. आपण मात्र पुढे कित्येक वर्षे जुन्या सूत्राने मोठी वर्तुळे काढत राहिलो. आपली संहिता नव्या विचाराने पुन्हा लिहिली गेली ती २०१७ मध्ये.

आणि तरीही अर्धेच खरे एवढ्यासाठी म्हणतो, की १९७६ च्या त्या संहितेतही मिसळण्याची लांबी शहरात किमान ३० मीटर हवी म्हणताना, ती याच्या दुपटीहून जास्त ठेवू नका, वेग वाढेल, असा इशारा होता. आम्ही किमान आकडा पाहिला, इशारा पाहिला नाही. 'मोकळा' हा शब्द बैठकीत सगळ्यांना आवडतो. त्याची किंमत कोण देतो हे बैठकीत बसलेले नसते.

हे सांगताना संगणकाची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. उलट भाचीने दाखवलेली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा जास्त अस्वस्थ करून गेली.

तिच्याकडे आणखी एक प्रोग्रॅम होता. त्यात चौक काढला की पडद्यावर शेकडो छोट्या गाड्या मुंग्यांसारख्या धावू लागतात. किती वाहने जातील, किती थांबतील, रांग किती लांब होईल हे तो सांगतो. नगरसेवकांना दाखवायला फार सुंदर. तिने मला एक चौकट दाखवली. तिथे वेगाचा आकडा भरायचा असतो. तिने ३० खोडून ५० भरले. गाड्या ५० ने बेटाभोवती गरगरू लागल्या. ना कोणी घसरले, ना कोणी कोणाला धडकले. रांग मात्र कमी झाली.

"असं कसं?" मी म्हणालो. "वळणावर ५० ने गाडी जाईल का?"

"त्या गाडीला वळण कळत नाही मामा. तिला फक्त चौकट कळते. वळणापाशी वेग कमी कर, इथे ३० कर, असं मी वेगळं सांगितलं नाही तर ती सरळ रस्त्यासारखीच जाते."

सगळे प्रोग्रॅम असेच असतात असे नाही, पण तिने दाखवलेला असाच होता आणि तो सर्रास वापरला जातो. म्हणजे काम करणाऱ्याने एक चौकट भरायची विसरली, किंवा कोणीतरी हवा तो निकाल मिळावा म्हणून तिच्यात सोयीचा आकडा घातला, तर चौक कागदावर उत्तम ठरतो. रंगीत चित्रे निघतात, फाइल पुढे सरकते. आमच्या वेळी खोट्या आकड्याला निदान माणसाच्या हस्ताक्षरात यावे लागे. आता तो यंत्राच्या अक्षरात येतो आणि यंत्र खोटे बोलत नाही असे आपण धरून चालतो. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे. पण त्याला जे सांगितले तेच ते परत सांगते.

दुसरा तिढा मोठ्या वाहनांचा. ब्रिटनमध्ये साडेसोळा मीटर लांबीचा जोडट्रक चौकातून वळला पाहिजे. लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापतात. म्हणून त्याला जागा जास्त लागते. संगणकावर हे वाहन फिरवून त्याची चाके कुठपर्यंत जातात ते पाहतात. इथेही वेगाची चौकट असतेच. तिथे ताशी १०-१५ किलोमीटर भरायचे असतात, कारण ट्रकने रांगतच वळावे अशी अपेक्षा आहे. कोणी तिथे ३० भरले तर प्रोग्रॅम म्हणतो, एवढ्या जागेत वळणार नाही. मग सोपा उपाय कोणता? जागा वाढवा. ट्रकसाठी जागा वाढवली की त्याच जागेतून मोटार आणि मोटारसायकल सुसाट जाते. आमच्या बैठकीत ऊसाच्या ट्रॅक्टरचे नाव घेऊन नेमके हेच झाले होते.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. बेट मोठे ठेवायचे, पण त्याच्या बाहेरच्या कडेला दोन-तीन मीटरचा, बोटभर उंचावलेला खडबडीत दगडी पट्टा करायचा. ट्रकची किंवा दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरची मागची चाके त्यावरून खुशाल जावीत. मोटारवाला मात्र त्या खडबडीत पट्ट्यावर जायला नाखूश असतो, तो बाहेरूनच वळतो. ज्याला जागा हवी त्याला जागा मिळते आणि ज्याला वेग हवा त्याला तो मिळत नाही. शिरणारे रस्ते तोंडाशी अरुंद करायचे, मध्ये दुभाजकाची छोटी बेटे ठेवायची. पायी जाणाऱ्याने रस्ता ओलांडायचा तो थांबरेषेवर नव्हे, तर तिच्या अलीकडे एक गाडी उभी राहील एवढे अंतर सोडून, आणि दोन टप्प्यांत. आधी एका बाजूची वाहने पाहायची, दुभाजकात उभे राहायचे, मग दुसऱ्या बाजूची. म्हाताऱ्या माणसाला आणि शाळेतल्या पोराला एका वेळी एकाच दिशेकडे लक्ष द्यावे लागते, ही केवढी मोठी सोय आहे!

भाचीने माझ्या चौकावर हेच प्रयोग केले. शिरण्याचे तोंड साडेचार मीटर, बेट मोठे, भोवती दगडी पट्टा. वाटेची त्रिज्या १३० वरून ३२ मीटरवर आली आणि वेग ५७ वरून ३३ वर. मी माझी जुनीच शंका काढली, "अगं, पण वाहतूक तुंबेल." तिने हिशेब दाखवला. चौकातून जाण्याचे अंतर ६० मीटर धरले तर ५७ च्या वेगाने पावणेचार सेकंद लागतात आणि ३३ च्या वेगाने साडेसहा. फरक पावणेतीन सेकंदांचा. गर्दीच्या वेळी तर ५७ ने कोणी जातच नसतो. उलट आत फिरणाऱ्या गाड्या सावकाश असल्या की बाहेरच्याला फट सापडणे सोपे जाते. एकेरी रांगेचे चार रस्त्यांचे वर्तुळ दिवसाला २० ते २५ हजार वाहनांपर्यंत पेलते, असे अमेरिकी मार्गदर्शिका सांगतात. आमच्या तालुक्याच्या चौकाला तेवढे पुरून उरले असते.

पावणेतीन सेकंद! एवढ्यासाठी मी ते वळण सरळ केले होते.

चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी छेदतात किंवा मिळतात. वर्तुळाकार चौकात अशी ठिकाणे आठच उरतात आणि समोरासमोरची धडक जवळजवळ नाहीशी होते. अमेरिकेतल्या अभ्यासात सिग्नल काढून वर्तुळ बसवल्यावर जखमी व मृत्यूच्या अपघातांत तीन चतुर्थांशाहून अधिक घट दिसली. म्हणून मी वर्तुळाच्या विरोधात नाही, त्याच्या बाजूचाच आहे. पण हा गुण वर्तुळाच्या आकारात नाही, ते जो वेग लादते त्यात आहे. वेग न लादणारे वर्तुळ म्हणजे रस्त्याच्या मध्ये ठेवलेली शोभेची कुंडी. आपल्याकडची बहुतेक वर्तुळे कारंज्यासाठी, पुतळ्यासाठी नाही तर जाहिरातीसाठी जागा हवी म्हणून झालेली असतात. कधी बेट एवढे लहान की वळायलाच नको, कधी रस्ता एवढा रुंद की बेट असून नसल्यासारखे.

आणि बाहेरचे आकडे जसेच्या तसे उचलूनही भागणार नाही. तिकडच्या प्रोग्रॅममधली गाडी दोन मीटर रुंद असते. आपल्याकडचा बहुसंख्य चालक दुचाकीवर असतो आणि त्याला जेमतेम पाऊण मीटर लागतो. जिथे मोटारीची वाट वाकते, तिथेही दुचाकीला सरळ फट सापडते. म्हणजे आपल्या चौकात दुचाकीची वाट वेगळी काढून पाहिली पाहिजे. बैलगाडी, हातगाडी, डोक्यावर पाटी घेऊन चाललेली बाई यांना तर कुठल्याच प्रोग्रॅममध्ये तयार चित्र नसते. त्यांना कोणीतरी आठवणीने घालावे लागते.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली आणि त्यांतले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नावावर नोंदले गेले. अतिवेग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चालक येतो. त्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्यात सूट नको. पण एवढे सगळे लोक एकाच जागी, एकाच वेगाने बेफाम होत असतील, तर एकदा त्या जागेलाही विचारले पाहिजे. घाई करू नका, घरी कोणीतरी वाट पाहत आहे, असे आपण पाट्यांवर लिहितो. जणू माणसाचा स्वभाव पाटीने बदलतो! तिकडच्या आखणीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, की तिथे माणूस शहाणा आहे असे धरलेलेच नाही. तो रात्री दोन वाजता येणार, पट्टे मोडणार, वेग कमी करणार नाही, हे मान्य करून मग रस्ता काढायचा. आपण नेमके उलट करतो. रस्ता बेफाम माणसाच्या सोयीचा काढतो आणि पाटीवर त्याला शहाणे व्हायला सांगतो.

वाचकहो, तुमच्या गावात नवा चौक होणार असेल, जुन्याचे 'सुशोभीकरण' होणार असेल, तर तीन साधे प्रश्न विचारा. या बेटाभोवती रिकाम्या रस्त्यावर मोटार आणि दुचाकी किती वेगाने जाऊ शकेल आणि तो आकडा कसा काढला? संगणकाचा अहवाल असेल तर त्यात वेगाच्या चौकटीत कोणी काय भरले आहे? आणि पायी जाणारा माणूस रस्ता नेमका कुठे ओलांडणार? यासाठी अभियंता असावे लागत नाही. घराचा नकाशा काढताना आपण स्वयंपाकघराची खिडकी कुठे, हे विचारतोच की! उत्तर देणाऱ्याला हे प्रश्न आवडतीलच असे नाही. मला १९८९ साली कोणी विचारले असते तर मलाही आवडले नसते. पण तो आकडा मला काढावा लागला असता.

माझा तो चौक अजून आहे. कारंज्याच्या जागी आता शोभेची झाडे आहेत, गतिरोधक झिजले आहेत. भाचीने काढलेला सुधारित आराखडा आणि माझे एक पानी निवेदन घेऊन मी गेल्या सोमवारी तिथल्या कार्यालयात जाऊन आलो. टेबलापलीकडे एक तरुण अभियंता होता. त्याने आदराने बसवले, कागद नीट पाहिला आणि विचारले, "साहेब, मूळ आराखडा कोणाचा होता?" मी म्हणालो, "माझाच." तो जरा गडबडला. मी त्याला म्हटले, एवढ्यात काही तोडफोड करू नका. पहिले आठ-पंधरा दिवस नुसती पिंपे आणि वाळूची पोती ठेवून तोंडे अरुंद करून बघा, पहाटे उभे राहून गाड्यांचा वेग मोजा, मग ठरवा. तो बघतो म्हणाला आहे. पहाटेच्या मोजणीला मी स्वतः येईन, असे त्याला सांगून ठेवले आहे. भाजीच्या लिलावाला जाणाऱ्या बायका अजूनही साडेपाचलाच त्या चौकातून जातात.